सिद्धांत बदलतात, तेव्हा ईश्वराचे आसन कोठे असते?

आपल्या युवा शिबिरांत आणि स्वाध्याय मंडळांत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतो. विश्व महास्फोटातून निर्माण झाले, जीवसृष्टी उत्क्रांतीतून घडली, मग ईश्वराला काम काय उरले? प्रश्न विचारणारा तरुण बहुधा उद्धट नसतो. तो विज्ञान किंवा इंजिनिअरिंग शिकत असतो. सकाळी जप करतो, दुपारी वर्गात बसतो आणि या दोहोंचा मेळ कसा घालावा हे त्याला उमगत नाही. अशा वेळी आपल्यातील अनेक जण एक सोपे उत्तर देऊन मोकळे होतात : विज्ञानाचे काय, ते रोज बदलते, काल एक सांगत होते, आज दुसरेच सांगते, आपले शास्त्र मात्र सनातन आहे. काही जण नेमके उलट बोलतात : विज्ञान आता कोठे आपल्या ऋषींच्या म्हणण्यापाशी येऊन पोचले आहे. गंमत अशी की, ही दोन्ही वाक्ये पुष्कळदा एकाच व्याख्यानात ऐकायला मिळतात. विज्ञान बदलते म्हणून ते अविश्वसनीय, आणि आपल्या बाजूने बोलले की लगेच प्रमाण! मुलांच्या हे लक्षात येते. ती बोलून दाखवत नाहीत इतकेच.

ईश्वराला विज्ञानातील रिकाम्या जागेत बसवण्याचा प्रयत्न नवा नाही आणि तो करणारे लोकही सामान्य नव्हते. न्यूटन निस्सीम ईश्वरभक्त होता. त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने ग्रहांच्या गतीचे कोडे सुटले. पण ग्रह एकमेकांनाही ओढतात, त्यामुळे त्यांच्या कक्षांत बारीक बारीक बिघाड साचत जातील आणि केव्हा तरी ही सूर्यमाला पुन्हा सावरावी लागेल, असे त्याला वाटे. सावरणारा हात अर्थातच ईश्वराचा. लाइब्निझ या समकालीन तत्त्वज्ञाने १७१५ मध्ये यावर टोमणा मारला : न्यूटनच्या ईश्वराला आपल्याच घड्याळाला अधूनमधून किल्ली द्यावी लागते म्हणायची! पुढे गुरू वेग घेत आहे आणि शनी मंदावत आहे, असे जुन्या-नव्या वेधांच्या तुलनेतून दिसू लागले, तेव्हा न्यूटनची शंका खरी ठरणार असेच वाटत होते. पण १७८० च्या दशकात फ्रान्सच्या लाप्लासने गणिताने दाखवून दिले की, हा बिघाड नसून सुमारे ९०० वर्षांचे एक आवर्तन आहे. जे आज वेग घेते ते पुढे मंदावते. नेपोलियनने, या ग्रंथात ईश्वराचा उल्लेख कसा नाही, असे विचारले आणि त्या गृहीतकाची गरज पडली नाही असे उत्तर लाप्लासने दिले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. नास्तिक मंडळी ती आवडीने सांगतात. परंतु नीट पाहिले तर यात ईश्वराचा पराभव कोठेच नाही. न्यूटनने त्याला दिलेली नोकरी तेवढी संपली होती.

एकोणिसाव्या शतकात पुन्हा तेच घडले. लॉर्ड केल्व्हिनने १८६२ मध्ये पृथ्वी थंड होण्याच्या गणितावरून तिचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान असल्याचे मांडले आणि नंतर ते आणखी खाली आणले. डार्विनच्या उत्क्रांतीला एवढा वेळ अपुरा होता. ज्यांना डार्विनचे म्हणणे खटकत होते त्यांना हा मोठाच आधार वाटला. मग १८९६ मध्ये किरणोत्सर्गाचा शोध लागला. पुढे खडकांतील किरणोत्सर्गी द्रव्यांवरून पृथ्वीचे वय मोजता येऊ लागले आणि आज ते सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. केल्व्हिनच्या आकड्याला टेकून ज्यांनी आपली श्रद्धा उभी केली असेल, त्यांचे काय झाले असेल याची कल्पना करावी.

या सर्व इतिहासात जी व्यक्ती आपल्या साधकांनी मुद्दाम अभ्यासावी असे वाटते, तिचे नाव जॉर्ज लमेत्र. १८९४ मध्ये बेल्जियममध्ये जन्म, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात सैनिक, १९२३ मध्ये कॅथलिक धर्मगुरू म्हणून दीक्षा आणि त्यानंतर केंब्रिज व अमेरिकेत खगोलविज्ञानाचा अभ्यास. १९२७ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून दाखवले की, विश्व स्थिर नसून प्रसरण पावत आहे. खुद्द आइन्स्टाइनला ते पटले नाही. गणित बरोबर आहे, पण त्यातून निघणारे भौतिकशास्त्र मला अजिबात रुचत नाही, असा त्याच्या बोलण्याचा भाव होता. स्थिर विश्वावर त्याचा इतका विश्वास होता की, ते स्थिर राहावे म्हणून १९१७ मध्ये त्याने आपल्या समीकरणात एक जादा पद घातले होते. पुढे १९२९ मध्ये हबलने दूरच्या आकाशगंगांच्या गतीचे पुरावे मांडले आणि आइन्स्टाइनने आपला आग्रह सोडला.

१९३१ मध्ये लमेत्र यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटे टिपण छापले. सर्व विश्व आरंभी एका आदिम अणूत सामावलेले असावे, ही कल्पना त्यात होती. हीच महास्फोट सिद्धांताची गंगोत्री. त्या टिपणाच्या टंकलिखित प्रतीच्या शेवटी आणखी एक वाक्य होते. ईश्वर मूलतः गुप्तच असतो, आणि आजचे भौतिकशास्त्रही निर्मितीवर पडदाच टाकते हे पाहून श्रद्धावान माणसाला आनंद व्हावा, अशा आशयाचे. छापायला देण्यापूर्वी लमेत्र यांनी ते खोडले. श्रद्धा कमी झाली म्हणून खोडले नाही, कारण ते अखेरपर्यंत धर्मगुरूच राहिले. वैज्ञानिक टिपणात त्या वाक्याचे स्थान नाही, हे त्यांनी ओळखले म्हणून खोडले. हा संयम म्हणजे एक प्रकारचे तपच होय. आपल्या हातात ईश्वराच्या बाजूचा पुरावा आला आहे असे वाटण्याजोगी स्थिती असताना तो पुरावा म्हणून न वापरणे, याला मोठे मन लागते.

वीस वर्षांनी त्यांची खरी परीक्षा झाली. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी रोममध्ये आपल्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. विज्ञानाने आता सृष्टीच्या आरंभाची, 'प्रकाश होवो' या आदिम आज्ञेचीच जणू साक्ष दिली आहे, असा त्याचा सूर होता. धर्मसंस्थेचा सर्वोच्च अधिकारी तुमच्या सिद्धांताला ईश्वराचा पुरावा म्हणतो, यापेक्षा मोठा सन्मान एका धर्मगुरूला काय असू शकतो? पण लमेत्र अस्वस्थ झाले. व्हॅटिकन वेधशाळेच्या प्रमुखांच्या साह्याने त्यांनी आपले म्हणणे वरपर्यंत पोचवले. पुढच्या वर्षी रोममध्येच खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक परिषदेपुढे पोप बोलले, तेव्हा त्यांनी तो दावा पुन्हा केला नाही. लमेत्र यांची भूमिका स्वच्छ होती : हा सिद्धांत उद्या चुकीचाही ठरू शकतो, आस्तिकाने त्याने हुरळून जाऊ नये आणि नास्तिकाने त्याला घाबरू नये.

आणि त्या वेळी तो सिद्धांत चुकीचा ठरण्याची शक्यता खरोखरच होती. फ्रेड हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला होता. विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते. त्यामुळे विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही. हॉइल नास्तिक होते. आरंभाच्या कल्पनेत त्यांना धर्माचा वास येई आणि 'बिग बँग' हे नाव त्यांनीच १९४९ च्या एका रेडिओ भाषणात उच्चारले. मराठी माणसाला या वादाविषयी वेगळी आपुलकी वाटते, कारण कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला हॉइल यांचे शिष्य झाले आणि १९६४ मध्ये या गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. अनादि-अनंत विश्व! आपल्या कानांना हे शब्द किती ओळखीचे वाटतात. त्या वेळी एखाद्या प्रवचनकाराने, पाहा, विज्ञानाने वेदान्त सिद्ध केला, असे म्हटले असते तर टाळ्या पडल्या असत्या. पण १९६५ मध्ये अमेरिकेत पेंझियस आणि विल्सन यांना आकाशाच्या प्रत्येक दिशेतून येणारी मंद सूक्ष्मतरंगांची उष्मा सापडली. ती आरंभीच्या तप्त अवस्थेची खूण मानली गेली आणि वैज्ञानिकांचा कौल महास्फोटाकडे झुकला. मग त्या प्रवचनकाराने काय केले असते? वेदान्त बदलला असता?

नारळीकरांनी मात्र आपले मत सोडले नाही. हॉइल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी जुन्या सिद्धांताचे सुधारित रूप मांडले. पुण्याच्या 'आयुका'सारखी संस्था उभारताना आणि चालवताना, अल्पमतात राहूनही ते शेवटपर्यंत पुराव्यांची मागणी करत राहिले. हेही साधकाने शिकण्यासारखे आहे. बहुमत आपल्याकडे नाही म्हणून सत्याचा शोध थांबवायचा नसतो आणि आपले मत आवडते म्हणून विरोधी पुराव्याकडे पाठ फिरवायची नसते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विज्ञान बदलते याचा अर्थ ते लहरी आहे असा नाही. आइन्स्टाइन आला म्हणून न्यूटन कचऱ्यात गेला नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, त्याच्या मार्गाचे गणित मुख्यतः न्यूटनच्याच नियमांवर आधारलेले. नवा सिद्धांत जुन्याला पोटात घेऊन पुढे जातो आणि जुन्याची सीमा दाखवून देतो. १९९८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे आढळले, तेव्हा संशोधक स्वतःच चकित झाले. आज ते मोकळेपणाने सांगतात की, आपल्याला ओळखीचे असलेले द्रव्य विश्वात जेमतेम पाच टक्के आहे आणि उरलेले काय आहे ते अजून कळलेले नाही. 'कळलेले नाही' हे शब्द उच्चारण्याचे धैर्य आपल्या किती सत्संगांत दिसते? या पंचाण्णव टक्क्यांतही कोणी घाईने ईश्वराला बसवू नये. उद्या त्याचाही उलगडा झाला की पुन्हा आसन हलवावे लागेल.

थोर पुरुषांच्या बाबतीतही हा विवेक ठेवावा लागतो. स्वामी विवेकानंदांची १८९६ मध्ये न्यूयॉर्कला निकोला टेस्ला यांच्याशी भेट झाली. आकाश आणि प्राण या वेदान्तातील संकल्पना टेस्लांना फार भावल्या. द्रव्य आणि शक्ती ही दोन्ही एकाच सुप्त ऊर्जेत विलीन होतात, हे आपण गणिताने दाखवू शकू असे त्यांना वाटत होते. तसे झाले तर वेदान्ताच्या विश्वविचाराला भक्कम पाया मिळेल, अशी आशा स्वामीजींनी एका पत्रात व्यक्त केली. टेस्लांकडून ते गणित आले नाही. त्या काळी आकाशाची तुलना ज्या ईथरशी होत असे, ते ईथर १९०५ मध्ये आइन्स्टाइनच्या मांडणीने अनावश्यक ठरले. यामुळे स्वामीजींचे कार्य तसूभरही उणे झाले नाही, कारण ते ईथरवर उभे नव्हतेच. दरिद्री माणसात नारायण पाहण्यासाठी ईथर लागत नाही.

आपल्या मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांविषयी मात्र कडक बोलले पाहिजे. सूर्यातून ओंकाराचा ध्वनी येतो आणि तो 'नासा'ने ध्वनिमुद्रित केला, हा संदेश किती परिजनांनी भक्तिभावाने पुढे पाठवला असेल! सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या पोकळीतून आवाज आपल्यापर्यंत येऊ शकत नाही. सूर्याचा पृष्ठभाग थरथरतो, त्या कंपनांच्या नोंदी कित्येक पटींनी वेगवान करून वैज्ञानिक त्यांचे ऐकू येईल अशा ध्वनीत रूपांतर करतात. त्यात ओंकार ऐकू येणे हा ऐकणाऱ्याचा भाव आहे आणि भाव म्हणून तो पवित्रही असेल. पण त्यावर 'नासा'चा शिक्का मारणे हे असत्य आहे. ओंकाराला त्या शिक्क्याची गरज कधीपासून भासू लागली?

तसेच कल्पाच्या आकड्याचे. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय ४५४ कोटी, म्हणजे पुराणांचे गणित जुळले, असे अनेक जण सांगतात. पण त्याच परंपरागत गणनेनुसार चालू श्वेतवाराह कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षेच लोटली आहेत आणि विश्वाचे वय आज सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात. सोयीचा आकडा उचलायचा आणि गैरसोयीचा झाकायचा, याला स्वाध्याय म्हणत नाहीत. रोज संकल्पात आपण कल्प आणि मन्वंतर उच्चारतो. त्या अफाट काळात आपले साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य किती, याची जाणीव त्याने झाली तर पुरे.

आपल्या आचार्यांची दृष्टी याबाबत आजच्यापेक्षा स्पष्ट होती. आदि शंकराचार्य गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात निक्षून सांगतात की, अग्नी थंड असतो असे शंभर श्रुतींनी जरी सांगितले, तरी ते प्रमाण होत नाही. जे प्रत्यक्षाने कळते तेथे प्रत्यक्षच प्रमाण. जे इंद्रियांना आणि अनुमानाला गवसत नाही, त्यासाठी श्रुती. म्हणजे विज्ञानाच्या क्षेत्रात घुसून त्याच्याशी भांडणे किंवा त्याच्याकडून प्रमाणपत्र मागणे, हे दोन्ही शांकर मर्यादेच्या बाहेरचे आहे. सनातन परंपरेचा सर्वांत मोठा भाष्यकार श्रुतीलाही तिची सीमा दाखवतो, तेव्हा आपण कोणत्या अधिकाराने ती ओलांडतो?

मग ईश्वराला जागा कोठे? केनोपनिषदाचा सारा रोख याच प्रश्नाकडे आहे. मन ज्याचा विचार करते, डोळा ज्याला पाहतो, ती वस्तू ब्रह्म नव्हे. ज्याच्यामुळे मन विचार करू शकते आणि डोळा पाहू शकतो, ते ब्रह्म. या दृष्टीने पाहा. न्यूटन चुकला हे लाप्लासला कळले, केल्व्हिन चुकला हे पुढच्यांना कळले, आइन्स्टाइनला स्वतःची चूक कळली. सिद्धांत बदलत गेले, पण चूक ओळखणारे जे आत आहे, असत्य टोचते आणि सत्य दिसताच ज्याला समाधान वाटते, ते काय आहे? हा कोणत्याही एका सिद्धांताचा विषय नाही, कारण प्रत्येक सिद्धांत त्याच्याच उजेडात तपासला जातो. मेंदूचा अभ्यास करणारे वैज्ञानिक या जाणिवेचा शोध घेत आहेत आणि तो त्यांनी जरूर घ्यावा. मेंदूत काय घडते हे पूर्णपणे कळले तरी, क्रोध येत असताना तो आत पाहायचा आणि थांबवायचा, हे काम मेंदूचा नकाशा करून देणार नाही. ते उपासनेला बसणाऱ्यालाच करावे लागते आणि ईश्वराचा अनुभव ज्यांना आला त्यांना तो याच वाटेवर आला. शेजाऱ्याचे दुःख आपले वाटू लागले का, वाणी सौम्य झाली का, लोभ ढिला पडला का, हे जोखायला दुर्बीण लागत नाही. पण ही परीक्षा सोपी नाही आणि म्हणूनच आपण तिच्याऐवजी 'नासा'कडे धाव घेतो, असे कधी कधी वाटते.

याची किंमत कोण देतो हे ध्यानात घ्या. ज्या मुलाची श्रद्धा एखाद्या खोट्या संदेशावर उभी केली जाते, तो पुढे कॉलेजात जातो आणि पाच मिनिटांत तो संदेश खोटा असल्याचे त्याला कळते. संदेशाबरोबर तो गायत्रीही सोडून देतो, आई-वडिलांचा शब्दही हलका मानू लागतो. त्याला नास्तिक विज्ञानाने केले नाही.

म्हणून आपल्या बालसंस्कार वर्गात किंवा शिबिरात, विश्वाच्या आधी काय होते, असे मुलांनी विचारले तर उत्तर पाठ करून देऊ नका. महास्फोट, स्थिर-स्थिती, त्यांचे पुरावे आणि त्यांच्या अडचणी त्यांना सांगा. स्वतःला येत नसेल तर मंडळातील विज्ञानाच्या शिक्षकांना बोलवा. त्यानंतर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त अर्थासह वाचून दाखवा. सातच ऋचा आहेत. जे सर्वांच्या वर राहून पाहते त्याला तरी हे ठाऊक असेल का, की त्यालाही नसेल, अशा प्रश्नावर ते सूक्त थांबते. ऋषी तेथे उत्तर देत नाहीत. वाचून झाल्यावर मुलांना थोडा वेळ शांत बसू द्या आणि मग ती काय विचारतात ते ऐका.